चीज मुरतं म्हणजे त्यात नेमकं काय होतं?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ युरोपातून येताना तीन प्रकारचं चीज घेऊन आला: परमेसान, ब्री आणि निळ्या रेघांचं रॉकफोर. घटक वाचले तर तिन्हीकडे जवळजवळ तेच, दूध, विरजण, रेनेट, मीठ. तरी एक खमंग आणि गोडसर, एक लोण्यासारखं आणि तिसरं जीभ चुरचुरवणारं. मग वरून इसेन्स घालतात का? शिवाय फ्रिजमध्ये दहा दिवस राहिलेल्या ब्रीला आता अमोनियासारखा वास येतोय, ते टाकून द्यायचं का?

ब्रीचं शेवटी सांगते, तोवर टाकू नका. इसेन्सचं आत्ताच सांगते: नाही. या तिन्हींत चवीसाठी म्हणून मिठाशिवाय काही घातलेलं नसतं.

मी बावीस वर्षं चीज करते आहे. पहिली नऊ वर्षं एका मोठ्या डेअरीत, चेडरच्या विभागात. नंतर वाईजवळ स्वतःचं छोटं युनिट काढलं, रोजचं पाचशे-सहाशे लिटर दूध. पहिल्या दिवशीचं चेडर आणि पहिल्या दिवशीचं गौडा डोळे बांधून माझ्यासमोर ठेवलं तर मीसुद्धा अडखळेन. दोन्ही रबरासारखी, दाताखाली कुचकुच वाजणारी, आणि चव म्हणाल तर घट्ट केलेल्या खारट दुधाची. कैरीच्या लोणच्याचं पहिल्या दिवशी असतं तसंच, फोड वेगळी, मीठ वेगळं, मोहरी वेगळी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका रायपनिंगबियपनिंग म्हणत नाहीत, "ही चाकं (म्हणजे चीजचे मोठे गोल गोळे) मुरायला लावली" म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे.

मुरणं म्हणजे, सरळच बोलायचं तर, दूध नासणं. फक्त ते कोणी नासवायचं, किती वेगाने आणि कुठवर, हे आपण ठरवलेलं असतं. ठरवायला मिळतात पहिले सहा-सात तास आणि फार तर पुढचा एखादा दिवस. तेवढ्यात पाणी किती ठेवायचं, आंबट किती होऊ द्यायचं, तापवायचं किती आणि मीठ किती, हे चार निर्णय होतात. त्यावरून आत कोण जगणार आणि कोण मरणार हे ठरतं. पुढचे महिने जे जगले ते काम करतात. आपण चाकं उलटायची, पुसायची आणि वाट बघायची.

पनीर सगळ्यांनी घरी केलेलं असतं, म्हणून तिथून सुरू करू. दूध उकळवून त्यात लिंबू पिळतो. त्या उकळीत दुधातले जीवाणू मरतात, दुधाची स्वतःची बहुतेक एन्झाइम निकामी होतात, आणि निवळीत निघून जाणारी प्रथिनंसुद्धा उष्णतेने बिघडून केसिनला, म्हणजे दुधाच्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात. उरतो तो शांत, निर्जीव गोळा. त्यात मुरवायला कोणी शिल्लकच नाही. म्हणून पनीर आठवडाभर ठेवलं तर त्याची चव वाढत नाही, ते फक्त खराब होतं. ते वितळतही नाही, कारण आंबट आणि कढत असा दुहेरी मारा झाल्यावर त्याची वीण वेगळीच बसते. पनीरला मी कमी लेखत नाही, पालकाच्या भाजीत ते हवं तसंच आहे. पण चवीच्या हिशेबात ते चीजचं सख्खं भावंड नाही.

रेनेटने दूध जमवणं ही निराळी क्रिया. केसिनचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. त्यांच्या अंगावर केसांसारखी लव असते, तिच्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेटमधलं कायमोसिन ही लव भादरतं. उघडे पडलेले गोळे एकमेकांना धरतात आणि अर्ध्या-पाऊण तासात अख्खा व्हॅट, म्हणजे टाकीभर दूध, घट्ट दह्यासारखा होतो, तोही कोमट दुधात, तीस-बत्तीस अंशांना. सुरी तिरकी घालून वर उचलायची. चीर स्वच्छ सुटली आणि फटीत हिरवट-पिवळी निवळी उतरली की झालं. चीर कुस्करल्यासारखी फाटली तर अजून पाच मिनिटं. बावीस वर्षांनंतरही मी घड्याळाआधी ही चीर बघते. या सगळ्यात विरजणाचे जीवाणू जिवंत राहतात, आणि थोडं रेनेटही चीजमध्ये अडकून राहतं. पुढच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

(शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. खरं परमेसान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करतात. तुमच्या घरी चालत नसेल तर खाण्याआधी माहीत असलेलं बरं. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये बुरशीपासून किंवा किण्वनाने तयार केलेलं रेनेट असतं. पोर्तुगालमध्ये सेरा द एश्त्रेला नावाचं मेंढीचं चीज आहे, त्यासाठी एका काटेरी फुलाचे केसर भिजवून दूध जमवतात. ते फूल प्रथिनांवर फार जोरात तुटून पडतं. त्या चीजचा लुसलुशीत पोत आणि हलका कडूपणा हे त्या फुलाचं देणं.)

आता पाणी. जमलेलं दही किती बारीक कापायचं आणि किती तापवायचं, यावर त्यातून किती निवळी सुटेल हे ठरतं. ब्रीसाठी ते जेमतेम कापतात, कधी कधी पळीनेच अलगद साच्यात उतरवतात. चेडरसाठी बोराएवढे तुकडे आणि साधारण 38-39 अंश. परमेसानसाठी तांदळाच्या कणीएवढं बारीक आणि 55 अंशांपर्यंत ताप. ओलं चीज आठवड्यांत मुरतं आणि आठवड्यांतच मरतं. कोरडं चीज वर्षानुवर्षं चालतं.

गौडामध्ये आणखी एक युक्ती आहे. अर्ध्या वाटेवर थोडी निवळी काढून घेतात आणि तितकंच गरम पाणी ओततात. निवळीबरोबर दुधाची साखर निघून जाते. साखर कमी म्हणजे जीवाणूंना खायला कमी, म्हणजे आंबटपणा कमी. गौडा गोडसर लागतं त्याचं मूळ या बादलीभर पाण्यात आहे. चेडरमध्ये उलट. तिथे दह्याच्या लाद्या करून एकावर एक रचतात, परत परत पालटतात, आंबट होऊ देतात, मग त्या किसून त्यात मीठ मिसळतात. मीठ पडलं की विरजण थबकतं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या चेडर गावावरून या चीजला नाव मिळालं, आणि लाद्या रचण्याच्या या कृतीलाही तेच नाव आहे.

दुधात चव व्हायला कच्चा माल तीन प्रकारचा: साखर, स्निग्धांश आणि प्रथिनं. तिघांच्या वाटा वेगळ्या.

साखरेची वाट सगळ्यात छोटी. लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल बहुतेक पहिल्या दिवसातच होऊन जातं. सोबत काही जीवाणू दुधातल्या सायट्रेटपासून डायअसिटिल करतात. ताज्या ताकावर तरंगणाऱ्या लोण्याच्या गोळ्याला जो वास असतो ना, तो हाच. पण गंमत पुढे आहे, कारण ते लॅक्टिक आम्लसुद्धा कोणीतरी खातं. स्वित्झर्लंडच्या एमेंटालमध्ये प्रोपिऑनिक जीवाणू असतात. चाकं काही आठवडे उबदार खोलीत, वीसच्या वर अंशांत ठेवली की ते लॅक्टिक आम्ल खाऊन प्रोपिऑनिक आणि ॲसिटिक आम्ल सोडतात. एमेंटालची ती अक्रोडासारखी गोडसर चव त्यातूनच येते. सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याची भोकं पडतात. गेल्या काही दशकांत भोकं कमी का होत चालली आहेत याचा शोध स्विस संशोधकांनी 2015 मध्ये लावला. पूर्वी गोठ्यात उघड्या बादलीत दूध काढताना त्यात गवताचे सूक्ष्म कण पडायचे, वायूचा बुडबुडा त्या कणाभोवती धरायचा. आता दूध यंत्राने, बंद नळीतून येतं. इतकं स्वच्छ की बुडबुड्याला बसायला जागा नाही.

स्निग्धांशाची वाट वासाची आहे. लोण्यातलं मेद तुटलं की मेदाम्लं मोकळी होतात, त्यातलं ब्युटिरिक आम्ल सगळ्यात बोलकं. पंधरा दिवसांची साय साठवून मग घुसळली, तर लोणी कढवताना घरभर जो वास पसरतो, तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नाकासमोर. एवढासा असेल तर परमेसानचा खमंगपणा, थोडा वाढला तर इटलीच्या तिखट प्रोव्होलोनेची ओळख, आणि सुटला तर ओकारी. प्रमाण हाच सगळा खेळ. शेळीच्या दुधात लहान साखळीची मेदाम्लं जास्त असतात. त्यांतल्या तिघांची कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही नावं शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली. बोकडाचा म्हणून जो उग्र दर्प असतो, त्याच घराण्याचा हा वास.

रॉकफोरचा चुरचुरीतपणा याच वाटेवर पुढे लागतो. हे दक्षिण फ्रान्समधल्या रॉकफोर-स्युर-सुलझों गावचं, लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचं चीज. 1925 पासून त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. मेंढीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या जवळजवळ दुप्पट. त्यात पेनिसिलियम रॉकफोर्टी ही बुरशी मिसळतात आणि चाकाला आरपार सुयांनी भोकं पाडतात, कारण बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते. ताई, तुमच्याकडचा तुकडा उजेडात धरून बघा, निळ्या रेघा बऱ्याचदा सरळ उभ्या दिसतील. त्या सुईच्या वाटा. ही बुरशी मेद तोडते, आणि सुटलेल्या मेदाम्लांपासून मिथाइल कीटोन नावाची द्रव्यं करते. निळ्या चीजचा तो झणका कीटोनांचा आहे, बुरशीच्या रंगाचा नाही.

रॉकफोरच्या गुहा, कोंबालू डोंगराच्या भेगांतून येणारा ओला वारा, यावर लोक फार हळवे होऊन लिहितात. माझं मत थोडं रुक्ष आहे. गुहा महत्त्वाची, पण ती जे देते ते म्हणजे थंडावा, ओल आणि खेळती हवा. एवढं दिलं तर साताऱ्याच्या माळावर शीतखोलीतही उत्तम निळं चीज होतं. ते रॉकफोर होत नाही हे खरं. पण त्यामागे कायदा आहे, मेंढी आहे आणि तिचा चारा आहे. दगडाला उगाच श्रेय देऊ नये.

आता प्रथिनं. ही सगळ्यात लांब वाट, आणि जुन्या चीजची खरी मिळकत.

चाकाची परीक्षा करायला आमच्याकडे ट्रायर असतो, पन्हाळीसारखी अर्धगोल पोलादी सळई. चाकात खुपसून गोल फिरवायची आणि ओढायची, बोटभर जाड कांडी निघते. आधी नाकाखाली धरायची, मग टोकाची चिमूट दोन बोटांत चोळायची, मग जिभेवर. उरलेली कांडी परत भोकात बसवून वरून तेच चीज चोळून तोंड लिंपून टाकायचं. समजा एका चेडरची अशी कांडी दुसऱ्या महिन्यात काढली. वास जेमतेम, आणि गिळल्यावर घशाशी मेथीच्या दाण्यासारखा कडसरपणा. नवखा माणूस घाबरतो. तेच चाक सातव्या महिन्यात काढलं तर कडू गेलेलं असतं, आणि तोंडाला पाणी सुटेल असं काहीतरी मागे राहतं.

झालेलं असं असतं. चीजमध्ये अडकलेलं रेनेट केसिनचे मोठे तुकडे पाडतं, आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. मग विरजणाच्या जीवाणूंची एन्झाइम ते तुकडे बारीक बारीक करत अमिनो आम्लांपर्यंत आणतात. जीवाणू स्वतः तोवर मेलेले असतात, पण फुटून आतली हत्यारं मोकळी करून गेलेले असतात. अमिनो आम्लं कडू तुकड्यांसारखी वागत नाहीत. ग्लुटामेट चवीला भरीवपणा देतं, प्रोलीन गोडसर असतं. रेनेट जास्त पडलं किंवा मीठ कमी पडलं, की पहिली फौज दुसरीच्या पुढे धावते, आणि चीज कडूच राहतं. सुरुवातीच्या वर्षांत मी दूध लवकर जमावं म्हणून रेनेट सढळ हाताने घालायचे. त्या घाईची किंमत चार महिन्यांनी कळायची, आणि चार महिन्यांनी कळणारी चूक सुधारायला फार वर्षं लागतात.

परमेसानमध्ये हे सगळं एका वेगळ्या कारणाने जमतं, आणि ते कारण मला फार आवडतं. 55 अंशांना तापवल्यावर रेनेटचं एन्झाइम बहुतांशी निकामी होतं. कडू तुकडे पाडणाराच घरी बसला. पण दुधाचं स्वतःचं प्लास्मिन नावाचं एन्झाइम त्या तापातून तरतं, आणि उष्णता मानवणारे जीवाणूही तरतात. मोडतोडीची पद्धतच बदलते. कमीत कमी बारा महिने, बरेचदा चोवीस किंवा छत्तीस, हे काम सावकाश चालतं. शेवटी 100 ग्रॅम परमेसानमध्ये एक ग्रॅमहून जास्त मोकळं ग्लुटामेट जमतं. चायनीजच्या गाडीवर चिमटीने टाकतात त्या अजिनोमोटोतलं हेच ग्लुटामेट, आणि पिकलेल्या टोमॅटोच्या साराला जे अंग असतं त्यातही हेच. इथे ते कोणी टाकलेलं नाही, दुधातूनच सुटलं. दाताखाली साखरेच्या कणासारखं जे कुरकुरतं, ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. लोक मिठाचे खडे समजतात. चोवीस महिन्यांच्या चांगल्या तुकड्यात अननसाचा भास होतो तोही खरा असतो, मेदाम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर होतात त्यांचा.

एका चाकाला सुमारे 550 लिटर दूध लागतं आणि चाक भरतं चाळीसेक किलो. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ भांड्यात ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं अख्खं दूध मिसळतात, तांब्याच्या मोठ्या कढईत ओततात, आणि आदल्या दिवशीच्या निवळीचंच विरजण लावतात. आपण कालच्या दह्याने आजचं लावतो, तसं. पाकिटातलं निवडक विरजण नाही, त्यामुळे प्रत्येक चीजघराची जीवाणूंची वस्ती थोडी वेगळी.

परमेसान करणाऱ्यांचा आणखी एक नियम आहे: गाईंना मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला हिरवा चारा, घालायचा नाही. हा नियम मी वाचला होता तेव्हा मला तो परंपरेचा हट्ट वाटला होता. 2017 च्या पावसाळ्यानंतर तो नीट समजला. आमच्याकडे गौडाची चोवीस चाकं मुरत होती. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत. सातव्या आठवड्यात सकाळी खोली उघडली तर फळीवरची चाकं फुगून गोल झालेली, वरची बाजू पुरीसारखी टम्म. एक कापलं. आत भोकं नव्हती, उभ्या चिरा होत्या, आणि वास असा की मदतनीस मुलगी बाहेर पळाली. तो ब्युटिरिक आम्लाचा वास होता, या खेपेला सुटलेला.

शोधत गेल्यावर एका पुरवठादाराच्या गोठ्यापर्यंत पोचले. मुरघासाचा खड्डा नीट झाकला नव्हता, पाणी शिरून कडेचा थर कुजला होता, आणि तोच गाईंना जात होता. अशा मुरघासात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शेणातून सडाला, सडातून दुधात येतात. 72 अंशांना पंधरा सेकंद पाश्चरायझेशन केलं तरी बीजाणू मरत नाहीत. चीजच्या पोटात हवा नसते, आणि त्यांना नेमकं तेच मानवतं. मीठ आतपर्यंत झिरपायला आठवडे लागतात, तेवढ्यात ते जागे होतात, लॅक्टिक आम्ल खातात, वायू आणि ब्युटिरिक आम्ल सोडतात. चोवीसच्या चोवीस चाकं शेणखताच्या खड्ड्यात गेली. त्यातला विनोद मला नंतर दिसला. प्रोपिऑनिक जीवाणूंनी लॅक्टिक आम्ल खाल्लं की एमेंटाल, आणि या महाशयांनी खाल्लं की खत. जेवण एकच, जेवणारा वेगळा. मुरघास वाईट नाही, चांगल्या मुरघासावर दुभतं जनावर छान पोसतं, आणि त्याच शेतकऱ्याचं दूध मी आजही घेते. फक्त लांब मुरवायच्या चीजसाठी त्या दिवसांत घेत नाही.

चाऱ्यावरून आठवलं. हिरव्या कुरणातल्या गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं, म्हणून उन्हाळी युरोपी चीज पिवळं आणि सुक्या गवतावरचं हिवाळी फिकट. म्हैस आणि शेळी कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकतात, त्यांचं दूध पांढरंच. म्हशीच्या दुधाचं चेडर मी तीनदा करून पाहिलं. कॅल्शियम आणि केसिन जास्त, त्यामुळे ते कोरडं, ताठ होतं आणि मुरायला फार वेळ घेतं. मोझरेलाला मात्र म्हैस राणी आहे, कारण तिथे मुरवायचंच नसतं. गरम पाण्यात ओढून ताणायचं आणि ताजं खायचं.

आतापर्यंत जे सांगितलं ते चाकाच्या आत घडतं. ब्रीचं नाट्य बाहेरून आत येतं. तिच्या सालीवर पेनिसिलियम कॅमेम्बर्टी ही पांढरी बुरशी पिकते, मखमलीसारखी. ती आधी सालीजवळचं लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते, आणि मग प्रथिनं तोडून अमोनिया सोडते. आम्ल गेलं, अमोनिया आला, म्हणून सालीखालचा भाग आंबट राहत नाही आणि मऊ होऊन लोण्यासारखा ढळू लागतो. कमी मुरलेली ब्री कापलीत तर मध्ये खडूसारखा पांढरा, आंबूस पट्टा दिसेल आणि दोन्ही बाजूंनी पिवळसर मलई. तो पट्टा रोज थोडा थोडा बारीक होतो. एका तुकड्यात मध्यापासून सालीपर्यंत चव बदलत जाते ती यामुळे.

पांढऱ्या बुरशीऐवजी चाक मिठाच्या पाण्याने पुसत राहिलं तर भलतीच वस्ती येते. आधी यीस्ट येऊन आम्ल संपवतं, मग नारिंगी, चिकट ब्रेव्हिबॅक्टेरियम. लिंबर्गर, मुन्स्टर, एपुआस ही सगळी अशी धुतलेल्या सालीची. हे जीवाणू मिथिओनिन हे अमिनो आम्ल तोडून गंधकाची द्रव्यं सोडतात, आणि त्यांची भावकी माणसाच्या पायाच्या बोटांतही नांदते. पायमोज्यांचा वास येतो असं कोणी म्हणालं तर ते निरीक्षण शास्त्रशुद्ध आहे. हिवतापाचे डास लिंबर्गरकडे आणि माणसाच्या पायांकडे सारख्याच ओढीने जातात, हे दाखवणाऱ्या संशोधकांना 2006 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं होतं. चवीला मात्र ही चीजं वासाच्या मानाने खूपच सौम्य. सुके बोंबील ज्यांच्या घरी असतात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

राहिला आपल्याकडचा नेहमीचा क्यूब. ती पद्धत 1911 मध्ये स्वित्झर्लंडच्या थुन गावी गेर्बर आणि श्टेट्लर यांनी काढली. चीज किसून, सायट्रेटसारखे क्षार घालून, वितळवून पुन्हा ओतायचं. त्या तापात मुरवणारे सगळे थांबतात. कमी मुरलेलं आणि जास्त मुरलेलं चेडर मिसळून चव एकसारखी राखतात आणि ती तिथेच गोठवतात. म्हणून क्यूबची चव दर महिन्याला, दर गावात तीच लागते. पोरांच्या टोस्टवर मीही तोच घालते.

तुमच्या ब्रीकडे येते. तो अमोनिया बुरशीनेच सोडलेला आहे, आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यामुळे कोंडला आहे. वेष्टन काढा, ताटलीत ठेवा, वर हलकीच जाळी घाला आणि तासभर बाहेर राहू द्या. वास बराचसा उडून गेला, साल पांढरी किंवा कडेला किंचित तांबूस असली आणि आतलं मलईसारखं असलं, तर आजच संपवा, उद्यावर टाकू नका. तासाभरानंतरही डोळ्यांत पाणी येत असेल, साल तपकिरी आणि बुळबुळीत झाली असेल, किंवा आतलं पाण्यासारखं ओघळत असेल, तर टाकून द्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिला ब्री आणि रॉकफोर दोन्ही देऊ नका, लिस्टेरिया या घातक जीवाणूचा धोका असतो. परमेसानला यातलं काही नाही, ते कागदात गुंडाळून ठेवलंत तर महिनाभर सहज राहील. त्याची जाड साल फेकू नका. पुढच्या वेळी टोमॅटोचं सार कराल तेव्हा उकळताना त्यात एक तुकडा सोडा आणि वाढण्याआधी काढून घ्या.